विश्लेषण : रुग्ण १५ पट, मृत्यू मात्र तेवढेच! कोरियातील थायरॉइड कर्करोगाची ‘साथ’ नेमकी कशाची होती?

दक्षिण कोरियात २०११ या एका वर्षात ४० हजारांहून अधिक जणांना थायरॉइडचा कर्करोग असल्याचे निदान झाले. १९९३ च्या तुलनेत हे प्रमाण १५ पट होते. रुग्ण इतके वाढल्यावर मृत्यूही वाढायला हवे होते. पण मृत्यूदर जवळपास होता तिथेच राहिला. मग एवढे रुग्ण आले कुठून?

सुरुवात कशी झाली?

कोरिया सरकारने १९९९ मध्ये कर्करोग तपासणीची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिच्या यादीत थायरॉइड नव्हता. मात्र ‘आलाच आहात तर हेही करून घ्या’ म्हणत रुग्णालयांनी ३० ते ५० डॉलरमध्ये गळ्याची सोनोग्राफी देऊ केली. सोनोग्राफीत काही मिलिमीटरची गाठही दिसते. गाठ दिसली की सुईने पेशी काढून तपासणी, त्यात कर्करोग निघाला की शस्त्रक्रिया, असा क्रम लागला.

अशा बारीक गाठी अनेकांच्या गळ्यात आयुष्यभर निपचित पडून असतात. फिनलंडमध्ये १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०१ मृतदेहांच्या थायरॉइडच्या पातळ चकत्या करून तपासण्यात आल्या. त्यापैकी ३६ जणांमध्ये कर्करोग आढळला, आणि तो त्यांच्या मृत्यूचे कारण नव्हता.

ऑपरेशन टेबलवर काय बदलले?

कोरियात थायरॉइड कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ असलेल्यांचे प्रमाण १९९५ मध्ये १४ टक्के होते. दहा वर्षांत ते ५६ टक्क्यांवर गेले. यातील बहुतेक कर्करोग संथपणे वाढणाऱ्या ‘पॅपिलरी’ प्रकारचे. तरीही सुमारे दोन तृतीयांश रुग्णांची संपूर्ण ग्रंथी काढण्यात आली.

याची किंमत कमी नाही. ग्रंथी गेली की थायरॉइडची गोळी जन्मभर. तिच्या मागे चिकटलेल्या छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथींना इजा झाली तर रक्तातील कॅल्शियम घटते, हातापायांना मुंग्या येतात, पेटके येतात. कोरियात ११ टक्के रुग्णांना हा त्रास झाला. २ टक्के रुग्णांच्या स्वरतंतूंना लकवा झाला. गाठीने कधीच त्रास दिला नसता, अशा माणसाचा आवाज उपचाराने जाणे, हा यातला खरा प्रश्न.

मार्च २०१४ मध्ये कोरियातीलच काही डॉक्टरांनी जाहीर पत्र काढून लक्षणे नसलेल्यांची थायरॉइड सोनोग्राफी थांबवण्याचे आवाहन केले. माध्यमांनी ते उचलून धरले. वर्षभरात शस्त्रक्रिया सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्या.

शेजारी जपानने वेगळी वाट आधीच धरली होती. कोबे येथील कुमा रुग्णालयात १९९३ पासून लहान गाठी न कापता ठरावीक काळाने तपासल्या जाऊ लागल्या. ‘कर्करोग’ शब्द कानावर पडल्यावर नुसते थांबून पाहणे सोपे नसते. पण तिथल्या १,२३५ रुग्णांच्या अभ्यासात १० वर्षांत गाठ ३ मिलिमीटर वा अधिक वाढल्याचे प्रमाण ८ टक्केच होते. थायरॉइडच्या कर्करोगाने कुणीही दगावले नाही.

आपल्याकडे काय लक्षात घ्यावे?

मुंबई-पुण्यातील ‘फुल बॉडी चेकअप’ पॅकेजमध्ये ‘थायरॉइड’ असे लिहिलेले असते, ती बहुधा टीएसएचची रक्ततपासणी असते. तिच्यावरून संप्रेरकांचे प्रमाण कळते, कर्करोग नाही. गळ्याच्या सोनोग्राफीचे म्हणाल, तर लक्षणे नसलेल्या प्रौढांची अशी सरसकट तपासणी करू नये, असा सल्ला अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २०१७ मध्ये दिला.

मात्र सगळेच थायरॉइड कर्करोग असे गरीब नसतात. मेड्युलरी आणि विशेषतः अॅनाप्लास्टिक प्रकार घातक असतात. गळ्यात झपाट्याने वाढणारी कडक गाठ, घोगरा झालेला आवाज, गिळताना अडथळा, कुटुंबात हा कर्करोग असणे किंवा लहानपणी मानेला रेडिएशन दिलेले असणे, यापैकी काहीही असल्यास तपासणी टाळू नये.

दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये योगायोगाने गाठ दिसली, तर सोनोग्राफी अहवालातील दोन गोष्टी डॉक्टरांकडून समजून घ्याव्यात : गाठीचा आकार आणि ‘टीआय-रॅड्स’ श्रेणी. सुईची तपासणी लागेल की काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी पुरेल, हे प्रामुख्याने त्यावरून ठरते. गाठ १ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल आणि इतर धोक्याची चिन्हे नसतील, तर सहसा सुई लावली जात नाही.