कपाटातला कॅमेरा भंगारात देण्याआधी

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे मरहूम सासरे तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवत. दुकानाचा गाळा सुटला तेव्हा चामड्याच्या पेटीतला त्यांचा याशिका-मॅट १२४जी घरी आला आणि कपाटात गेला. आता त्याचे हँडल फिरत नाही, बटण दाबले तर आवाज येत नाही. मुले म्हणतात, भंगारवाल्याला देऊन टाका. “द्यावा का?” असे त्या विचारतात.

माझे उत्तर : इतक्यात नको. हा कॅमेरा १९७० साली बाजारात आला. त्याचे शटर आणि फिल्म ओढण्याची यंत्रणा दोन्ही स्प्रिंग आणि दातेरी चाकांवर चालतात. बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजायच्या मीटरला. असे यंत्र बहुतेक वेळा तुटलेले नसते, अडकलेले असते. कुठे अडकले आहे हे घरच्या घरी शोधता येते. अट एकच : जोर लावायचा नाही आणि तेल घालायचे नाही.

आधी झाकण उघडू नका

आत फिल्म असू शकते. त्या रोलवर घरातल्या कोणाचा निकाह असेल, आज हयात नसलेल्या कोणाचा चेहरा असेल. उजेडात झाकण उघडले की तो गेला. म्हणून आधी बाजूचा आकडा पाहा. झाकण उघडले की हा आकडा आपोआप सुरुवातीला जातो. तिथे ५ किंवा ९ असा आकडा दिसत असेल, तर आत रोल आहे असे धरूनच चाला.

हँडल फिरत असेल तर एकेक फोटो काढत रोल संपवा. बारावा फोटो झाला की हँडल मोकळे फिरू लागते. मागचा कागद पूर्ण गुंडाळला जाईपर्यंत फिरवत राहा आणि मग सावलीत उघडा. हँडल अडकलेलेच असेल तर रात्री, दिवे बंद करून, खिडकीची फटसुद्धा झाकलेल्या खोलीत झाकण उघडा. रोल हाताने घट्ट गुंडाळा, काळ्या कागदात बांधा आणि १२० फिल्म धुणाऱ्या लॅबकडे द्या. “रोल फार जुना आहे” हे सांगायला विसरू नका. जुन्या कृष्णधवल रोलवर चित्र टिकून राहण्याची शक्यता रंगीतपेक्षा जास्त असते.

हँडल का फिरत नाही?

याशिका-मॅटचे हँडल पुढे फिरवायचे आणि थांबले की उलट फिरवून जागेवर आणायचे. दोन्ही पूर्ण झाले तरच कॅमेरा तयार होतो. एकदा तयार झाला की फोटो काढेपर्यंत हँडल पुढे जात नाही, म्हणजे एकावर एक फोटो पडत नाहीत. तेव्हा ‘अडकलेला’ कॅमेरा कित्येकदा फक्त बटण दाबण्याची वाट पाहत असतो.

बटणही दबत नसेल तर त्याच्याभोवतीची कडी पाहा. काही कॅमेऱ्यांत ती कुलपाचे काम करते. बटण दबते पण शटर उघडत नाही, असे असेल तर दोष शटरात आहे. तिथेही हँडलवर जोर करू नका. आतल्या चाकाचा एक दात तुटला तर सुटा भाग मिळणे कठीण.

शटर कानाने तपासा

आत फिल्म नाही याची खात्री झाल्यावर झाकण लावून वेग १ सेकंदावर ठेवा आणि फोटो काढा. घर्रर्र असा एकसारखा आवाज येऊन शेवटी टक् झाले पाहिजे. मग १/२, १/४, १/८ असे उतरत जा. दर वेळी आवाज साधारण निम्म्याने आखूड व्हायला हवा. घरघर मध्येच थांबली किंवा १ सेकंदाला तीन सेकंद लागले, तर संथ वेगाच्या चाकांवरचे जुने वंगण सुकून चिकट झाले आहे. फार वर्षे पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात हा दोष नेहमीचा.

मोबाइलचीही मदत होते. झाकण उघडून शटरची पाती आतून दिसतील असा मोबाइल धरा आणि सेकंदाला २४० चित्रे घेणारा स्लो मोशन व्हिडिओ काढा. १/३० वेगाला पाती सुमारे ८ चित्रांत उघडी दिसली पाहिजेत, १/१५ ला सुमारे १६. खूप जास्त दिसली तर शटर संथ आहे.

इथेच घरातले कोणीतरी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन येते. त्यांना परत पाठवा. शटरची पाती कोरडीच चालायची असतात. तेलाचा एक थेंब गेला तर ती एकमेकांना चिकटतात, आणि आता आहे त्यापेक्षा मोठे काम होऊन बसते. हा दोष शटर उघडून, जुने वंगण धुऊनच जातो. ते काम कारागिराचे.

आणखी दोन सवयी लावून घ्या. १/५०० हा वेग हँडल फिरवण्याआधी लावावा, नंतर नाही. फ्लॅशची कळ ‘एक्स’वर ठेवावी. ‘एम’ ही खूण जुन्या, एकदाच जळणाऱ्या बल्बांसाठी होती. आजचा फ्लॅश ‘एम’वर लावला तर शटर उघडण्याआधीच चमकून जातो आणि फोटो काळा येतो. मग लोक फ्लॅशला दोष देतात.

दोन भिंगे, दोन कामे

वरचे भिंग पाहण्यासाठी, खालचे फोटोसाठी. म्हणून वरची काच अंधूक झाली, आतला आरसा डागाळला, तरी फोटो त्यामुळे खराब होत नाही. तो आरसा मात्र कपड्याने पुसू नका. त्याचा मुलामा काचेच्या वरच्या बाजूला असतो, घासला तर निघून येतो. रबरी फुग्याने धूळ उडवा, तेवढे पुरे.

खालच्या भिंगात आरपार टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणातल्या पावसाळ्यात तिला चामड्याची पेटी फार आवडते, कारण चामडे ओल धरते. कॅमेरा पेटीत न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

वर स्पष्ट दिसते पण फोटो धूसर येतो, अशी तक्रार असेल तर दोन्ही भिंगे एकाच जागी जुळत नाहीत. फिल्म बसते त्या चौकटीवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. वेग ‘बी’वर, भिंग ३.५ वर ठेवून शटर उघडे धरा आणि दूरच्या खांबावर नेम धरा. वरच्या काचेवर खांब स्पष्ट असताना कागदावरही तो स्पष्ट दिसला पाहिजे.

निगेटिव्ह काय सांगते

एवढे सगळे ठीक निघाले तरच नवा रोल घाला. बाराच फोटो मिळतात, तेव्हा प्रत्येकाचा वेग वहीत लिहा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. रोल धुऊन आला की निगेटिव्ह खिडकीजवळ धरून पाहा. नको असलेला काळा पट्टा फिल्मच्या काठापर्यंत गेला असेल तर उजेड मागच्या झाकणातून शिरतो आहे. तिथला फोम कुजून चिकट झालेला असतो. काळेपणा चौकटीच्या आतच असेल तर उजेड भिंगाच्या बाजूने येतो आहे. फक्त कडा काळ्या असतील तर कॅमेरा निर्दोष, रोल सैल गुंडाळला गेला होता.

मीटरसाठी १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागत असे. ती आता बाजारात नाही. आजची १.५ व्होल्टची घातली तर मीटर चुकीचे सांगतो. मोबाइलवरचे लाइट मीटर वापरा.

कारागिराकडे जाताना नुसते “बिघडलाय” म्हणू नका. “१ सेकंदाला तीन सेकंद लागतात, १/६० पासून वर ठीक आहे, मागचा फोम गेला आहे,” असे कागदावर लिहून द्या. फिल्मच्या कॅमेऱ्यांना हात लावणारे कारागीर आता थोडे उरले आहेत. नेमका दोष सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचे काम ते मन लावून करतात, आणि खर्च किती येईल तेही आधी सांगू शकतात. खर्च झेपणारा नसेल तर कॅमेरा तसाच डब्यात जपून ठेवा. भंगारवाला फक्त धातूचे वजन करील.

आणि भगिनींनो, कपाट उघडलेच आहे तर कॅमेऱ्यामागे निगेटिव्हचे डबे आहेत का तेही पाहा. असतील तर ते कॅमेऱ्याच्या आधी बाहेर काढा.