कैकेयीचं बोट आणि सळईतलं भोक

रणांगणात दशरथाच्या रथाच्या चाकाची खीळ निसटली आणि शेजारी बसलेल्या कैकेयीने त्या जागी आपलं बोट घातलं, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी आजीकडून ऐकली आहे. त्या बोटाच्या बदल्यात तिला दोन वर मिळाले आणि पुढे रामाला १४ वर्षांचा वनवास घडला. एवढं रामायण एका खिळीवरून!

ती खीळ बसते कुठे? आसाच्या टोकाला, आसाच्या पोटातून आरपार गेलेल्या आडव्या भोकात. बैलगाडीत तेच, जुन्या स्कूटरच्या मागच्या चाकाचा नट अडवून धरणाऱ्या स्प्लिट पिनमध्ये तेच. झोपाळ्याच्या कडीतली पिन निसटली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. म्हणून आजचा विषय साधा पण महत्त्वाचा: गोल सळईला बरोबर मधोमध, सरळ आरपार भोक घरच्या घरी कसं पाडायचं?

गोल सळई अवघड का?

सपाट पट्टीवर ड्रिल टेकवलं की ते टेकतं. गोल सळईला टेकायला जागाच नसते. ड्रिल बिटाच्या अगदी टोकाला एक छोटीशी बोथट रेघ असते. ती कापत नाही, नुसती घासते. वळणदार पाठीवर ही रेघ आधी घसरते आणि मग जिथे थांबेल तिथून भोक सुरू होतं. वरून पाहताना सगळं ठीक दिसतं. खालून बिट बाहेर आलं की कळतं, मध्य हुकला.

हुकलं तर काय बिघडतं? बाजारात चार सुती म्हणून मिळणारी, साधारण १२ मिलिमीटरची सळई घ्या. तिच्यात ४ मिलिमीटरचं भोक मधोमध पडलं तर दोन्ही बाजूंना ४-४ मिलिमीटर लोखंड उरतं. भोक फक्त १ मिलिमीटर सरकलं, तर एका बाजूला ५ आणि दुसऱ्या बाजूला ३. म्हणजे एक बाजू आधीच कमजोर झाली. शिवाय कडीची भोकं आणि सळईचं भोक एका रेषेत येत नाहीत. मग पिन हातोडीने ठोकून बसवली जाते, आणि ठोकून बसवलेली पिन कधी वाकेल याचा भरवसा नसतो.

कारखान्यात काय करतात?

बंगळुरूकरांना हे काही परकं नाही. १९५३ मध्ये स्थापन झालेली एचएमटी इथलीच, मशीन बनवणारी मशीनं तयार करणारी. कर्नाटकातल्याच हरिहरला १९४१ मध्ये म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली, ती लेथ बनवायची. त्या किर्लोस्करांची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून झाली होती. आज पीण्याच्या गल्ल्यांमध्ये असले सुटे भाग रोज तयार होतात.

तिथे शेकडो सळयांना एकसारखं भोक पाडायचं असेल तर जिग वापरतात. सळई एका खाचेत बसते आणि ड्रिल कडक पोलादाच्या बुशमधून खाली उतरतं, त्यामुळे त्याला इकडेतिकडे सरकता येत नाही. आपल्याला एक-दोनच भोकं पाडायची असतात. आपलं काम व्ही-ब्लॉकवर भागतं.

घरची तयारी

व्ही-ब्लॉक म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असलेला लोखंडी ठोकळा. एस. पी. रोडवरच्या हत्यारांच्या दुकानांत चौकशी करा. तोवर सागवानाच्या किंवा बाभळीच्या घट्ट ठोकळ्यात दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत करवत चालवून नीट खाच पाडली तरी सरावापुरतं काम होतं. या खाचेचा मोठा गुण असा, की सळई ८ मिलिमीटरची ठेवा किंवा २० मिलिमीटरची, तिचा मध्य नेहमी खाचेच्या तळाच्या बरोबर वर येतो. म्हणजे ठोकळा एकदा ड्रिलखाली जुळवून पक्का केला, की मध्य रोज शोधावा लागत नाही.

याशिवाय हवं स्टँडवरचं ड्रिल, दोन क्लॅम्प, १५० मिलिमीटरची स्टीलची पट्टी, सेंटर ड्रिल, थोडं तेल आणि डोळ्यांना गॉगल.

पट्टीची युक्ती

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. मशीनचा प्लग आधी काढून ठेवा. चकमध्ये सेंटर ड्रिल किंवा टोकदार सळई पकडा. व्ही-ब्लॉकमध्ये गोल सळई ठेवा आणि तिच्या पाठीवर स्टीलची पट्टी आडवी ठेवा. टोक हळूच खाली आणून पट्टी टोक आणि सळई यांच्यामध्ये अलगद दाबून धरा.

टोक बरोबर मध्यावर असेल तर पट्टी तराजूच्या दांडीसारखी आडवी राहील. टोक उजवीकडे असेल तर पट्टी उजवीकडे कलेल. मग पट्टी ज्या बाजूला खाली झुकली, त्याच बाजूला ठोकळा किंचित सरकवायचा आणि पुन्हा पाहायचं.

ही युक्ती किती बारीक आहे बघा. १२ मिलिमीटरच्या सळईवर टोक फक्त पाव मिलिमीटर हुकलं, तर १५० मिलिमीटरच्या पट्टीच्या दोन टोकांच्या उंचीत सहा मिलिमीटरांहून जास्त फरक पडतो. म्हणजे पट्टी चूक २५ पट मोठी करून दाखवते. जे डोळ्याला दिसत नाही ते पट्टीला दिसतं. हे काम घरातल्या मुलांना जरूर द्या. प्लग काढलेला आहे, आणि त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते.

पट्टी आडवी झाली की ठोकळा आणि सळई दोन्ही क्लॅम्पने घट्ट करा. घट्ट करताना काहीतरी सरकतंच, म्हणून पट्टी ठेवून पुन्हा एकदा तपासा.

आता भोक

आधी सेंटर ड्रिलने छोटा खड्डा करा. हे बिट आखूड आणि जाड असल्यामुळे वाकत नाही. मग २ किंवा २.५ मिलिमीटरचं बिट आणि शेवटी ४ मिलिमीटरचं. साध्या लोखंडात ४ मिलिमीटरच्या बिटाला मिनिटाला साधारण २००० फेरे ठीक. बिट जाड होत जाईल तसा वेग कमी करायचा. तेलाचे दोन थेंब टाका आणि दर काही मिलिमीटरनंतर बिट वर काढून चुरा बाहेर पडू द्या. बिट खालून बाहेर पडताना झटकन अडकतं, तिथे हात सैल ठेवा.

स्टँड नसून हातातलंच ड्रिल असेल तर कागद कामाला येतो. सरळ कापलेली कागदाची पट्टी सळईभोवती घट्ट गुंडाळा आणि कड जिथे परत भेटते तिथे खूण करा. खुणेपर्यंतच्या कागदाची बरोबर अर्धी घडी घाला. पुन्हा गुंडाळलं की सुरुवातीची कड आणि घडीची रेघ सळईच्या समोरासमोरच्या बाजूंना येतात. दोन्हीकडे सेंटर पंच मारा आणि दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं भोक पाडा. थोडा फरक मध्यभागी राहील, पण बाहेरची तोंडं जागेवर असतील.

शेवटी जाड बिट हाताने फिरवून कडेची धार काढा. भोकात सरळ पिन घालून दोन्ही बाजूंचं उरलेलं लोखंड व्हर्नियरने मोजा. आकडे सारखे आले की काम झालं.

जपून

ड्रिल चालवताना हातमोजे घालू नका, फिरतं बिट मोज्यासकट हात ओढतं. ओढणी, सैल बाह्या, बांगड्या आणि मोकळे केस यांचंही तेच. सळई कधीही हातात धरून भोक पाडू नका. लोखंडाचा चुरा ब्रशने काढा, फुंकर मारून नाही. आणि फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेची वेळ टाळा.

पहिली दहा भोकं भंगाराच्या तुकड्यांवर पाडा आणि प्रत्येक मोजून वहीत लिहा. ज्यावर माणूस बसणार किंवा लटकणार आहे ते काम मात्र वर्कशॉपमधूनच करून घ्या. सराव केल्याचा फायदा तिथेही होतो: तयार भाग हातात आला की भोक मध्यावर आहे का, हे तुम्ही स्वतः मोजून घेऊ शकता.

या सुट्टीत मुलांना कस्तुरबा रोडवरच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयाच्या इंजिन हॉलमध्ये न्या. फिरणारी मोठी चाकं सगळेच बघतात. तुम्ही त्यांना आडव्या पिना शोधायला सांगा आणि किती सापडल्या ते आम्हाला नक्की कळवा.