आयत काढली, की घुसलेली ओळ वगळली?

मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय : ‘ख्रिस्त्यांनी बायबलमधून आयती काढल्या! जुन्या बायबलात आहेत, नव्यात नाहीत!’ खाली माशाअल्लाहचा पाऊस. हाच मुद्दा कधीकाळी मीही स्टाफरूममध्ये एका ख्रिस्ती सहकाऱ्याच्या तोंडावर फेकला होता. ते शांतपणे म्हणाले, “सर, जुनं कशाला म्हणता?” मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर आज देतो. आपण ज्याला ‘जुनं बायबल’ म्हणतो, तो किंग जेम्सचा इंग्रजी तर्जुमा १६११चा. त्यातल्या नव्या कराराचं मूळ म्हणजे इरॅस्मसने १५१६ला छापलेली ग्रीक आवृत्ती आणि तिच्या पुढच्या सुधारणा. इरॅस्मसच्या हाताशी मोजकीच आणि बरीच उशिराची हस्तलिखितं होती. प्रकटीकरणाचं शेवटचं पान गहाळ होतं, म्हणून तेवढा भाग त्याने लॅटिनवरून ग्रीकमध्ये केला! योहानाच्या पहिल्या पत्रातली (५:७) त्रैक्याची प्रसिद्ध ओळ त्याच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत नाही. ती १५२२च्या तिसरीत आली. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या नुस्ख्यांतही ती नाही. म्हणजे ‘नवा’ तर्जुमा जुन्या नुस्ख्यांवर उभा आहे आणि ‘जुना’ तर्जुमा नव्यांवर.

काहीजण म्हणतात, बहुसंख्य हस्तलिखितं मानावीत. मी शिक्षक आहे. दहा वह्यांत शुद्धलेखनाची एकच चूक दिसली, तर मी दहा साक्षीदार मोजत नाही; कोणी कोणाची वही पाहिली, ते शोधतो. नुसतं जुनं असणंही पुरेसं नाही. आपले मुहद्दिस हेच तर करत : हदीस किती जणांनी सांगितली एवढ्यावर न थांबता, कोणी कोणाकडून ऐकली ते तपासत. ही कसोटी आपल्या हदीसला लावली की ‘इल्म’, आणि ख्रिस्ती अभ्यासकांनी बायबलला लावली की ‘फेरफार उघड’? हा कुठला इन्साफ?

मार्कच्या शेवटच्या बारा ओळी त्या दोन्ही नुस्ख्यांत नाहीत. आजची बहुतेक भाषांतरं त्या छापतात आणि शेजारी तशी टीपही देतात. लपवणारा माणूस टीप देत नाही.

तहरीफचा प्रश्न वेगळा आहे. त्यावर माझी श्रद्धा मुसलमानाचीच आहे. पण श्रद्धेला खोट्या पुराव्याची कुबडी कशाला? उद्या कोणी हफ़्सचा मुसहफ़ आणि वर्शचा मुसहफ़ शेजारी ठेवून फ़ातिहात ‘मालिकि’ आणि ‘मलिकि’ दाखवील, तेव्हा आपण क़िराअतींचा इतिहास समजावू आणि समोरच्याने धीराने ऐकावं अशी अपेक्षा धरू. तोच धीर आधी आपण दाखवायला हवा. वैर असलं तरी न्याय सोडू नका, ही सूरह माइदाची ताकीद आपल्यालाच आहे.

तो मेसेज मी पुढे पाठवला नाही. सहकाऱ्याला मात्र फोन केला आणि माफी मागितली.