एकच ‘झगा’ सगळ्यांना कसा पुरेल?

मराठी बायबल वाचताना एक गोष्ट मला सारखी खटकते. अंगावर घ्यायचं रोमन काळातलं वस्त्र आलं, की आपल्याकडे शब्द ठरलेला: झगा. पिलाताच्या शिपायांनी थट्टेसाठी येशूच्या अंगावर घातला तो झगा. पौलानं तुरुंगातून पत्र लिहून तीमथ्याकडे मागितला तोही झगा. मूळ ग्रीकमध्ये मात्र हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि वस्त्रंही वेगळी.

मत्तयाचा शब्द आहे ‘क्लामिस’. तो शिवलेला झगा नव्हेच. खांद्यावर चाप लावून अडकवायचं ते पांघरूण. रोमन शिपायाचं लोकरी ‘सागुम’ याच जातीचं. चाप उजव्या खांद्यावर, म्हणजे तलवारीचा हात मोकळा. रोमवर संकट आलं की नागरिक टोगा उतरवून सागुम घेत. त्यामुळे लॅटिनमध्ये ‘सागुम घेणं’ म्हणजेच लढाईला सज्ज होणं. आपण कंबर कसतो, तसंच.

पौलाचं वस्त्र म्हणजे रोमनांचा ‘पेनुला’: जाड, पुष्कळदा टोपडं असलेला, प्रवासाचा नि पावसाचा. हिवाळ्याच्या आत ये, असंही तो त्याच पत्रात लिहितो. म्हातारा कैदी थंडीच्या आधी पांघरूण मागतोय. ‘झगा’ म्हटल्यावर ती थंडी आपल्याला वाजते का?

कुणी म्हणेल, एवढ्या-तेवढ्यानं काय फरक पडतो? पडतो ना! ‘किरमिजी झगा’ ऐकून आपल्या शुभ शुक्रवारच्या नाटकांत सॅटिनचा, जरीकाठी राजेशाही अंगरखा येतो. शिपायांजवळ राजवस्त्र कुठून असणार? हाताशी होतं ते, शिपायाच्या खांद्यावरचं तांबडं पांघरूण, त्यांनी राजवस्त्र म्हणून टाकलं. थट्टा तिथंच तर आहे. सॅटिन आलं की ती थट्टाही गेली आणि अपमानही गेला.

हे सगळं वडोदऱ्यात बसून कशाला, असंही वाटेल. पण रोम आपल्यापासून तितकं लांब नव्हतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात भरूच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत कापड आहे, हातभर रुंदीचे रंगीत कमरपट्टे आहेत, राजासाठी भारी वस्त्रं आहेत. आपल्याच अकोट्याला एरॉसची आकृती असलेली रोमन बनावटीची काशाची मूठ सापडली. धातू टिकला, लोकर आणि कापड कुजून गेलं. कापड उरतं ते शब्दांत. म्हणून तरी शब्द जपून वापरायला हवेत.

आणि मराठीकडे शब्द नाहीत असं थोडंच आहे? धनगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी अंथरायला, पांघरायला, आणि पावसात डोक्यावर खोळ करून घ्यायलाही चालते. पौलाच्या पेनुलाला याहून जवळचं काय सापडेल? पौलाला घोंगडी आणि शिपायाला ‘तांबडं पांघरूण’ द्यावं, असं माझं मत आहे. घोंगडी फार देशी वाटते, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण पेनुलाही रोमन माणसाला देशीच वाटत होता! गाडीवान, गुलाम, शिपाई, सगळे तो वापरत. साध्या वस्त्राला साधा शब्द दिला तर पावित्र्य कमी होत नाही.

चौथ्या शतकातल्या मार्टिन नावाच्या रोमन घोडेस्वाराची गोष्ट सांगतात. आमियां शहराच्या वेशीवर त्यानं तलवारीनं आपलं पांघरूण कापून अर्धं एका उघड्या भिकाऱ्याला दिलं. त्या ‘काप्पा’वरूनच ‘चॅपल’ हा शब्द आला. म्हणजे प्रार्थनेच्या जागेचं नावसुद्धा शिपायाच्या पांघरुणावरून पडलं.

नव्या भाषांतराचं हे घोंगडं किती दिवस भिजत ठेवायचं? निदान यंदाच्या नाटकात तरी सॅटिन नको. साधं, तांबडं, जाडंभरडं कापड आणा. बघणाऱ्याला बरोबर कळेल.