दादाची गिटार आणि ४४ चा आकडा

या वेळी मोरावळ्यावर लिहायचं कबूल केलं होतं, पण मध्येच घरात गिटारचं प्रकरण निघालं आणि मोरावळा राहिला. नातेवाइकांपैकी काहींच्या कानावर हे आलेलं आहे, काहींना ते आवडलेलं नाही. तरी लिहिते, कारण फोनवर प्रत्येकाला वेगवेगळं सांगून माझा घसा बसला.

दादाला जाऊन सहा वर्षं झाली. त्याची गिटार वहिनींकडे कपाटावर असते. पाठीमागे खालच्या अंगाला पंजाएवढा काळपट डाग आहे. आमच्या घरातल्या कुठल्याही मुलाला विचारा, तो सांगेल की हा पानशेतच्या पुराचा डाग. १२ जुलै १९६१ ला नारायण पेठेतल्या वाड्यात पाणी शिरलं तेव्हा लोकांनी भांडी, कागदपत्रं, दागिने उचलले आणि दादाने गिटार उचलली, ही गोष्ट प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत सांगून झाली आहे. मीही सांगितली आहे. आणि नुसती ऐकीव नाही बरं का, मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि दादा गिटार खांद्यावर घेऊन जिना चढतोय हे माझ्या डोळ्यांसमोर आजही आहे.

तर झालं असं की पुराच्या आठवणींचं एक छोटं प्रदर्शन भरणार आहे आणि पुतण्याला तिथे ही गिटार ठेवायची आहे. सोबतच्या कार्डाचा मजकूर त्याने माझ्याकडे शुद्धलेखन बघायला पाठवला. 'पानशेतच्या पुरातून वाचलेली गिटार, १९६१.' शुद्धलेखन बिनचूक होतं.

त्याच सुमारास माझी नात सुट्टीला इथे खडकवासल्याला आलेली. ती गिटार शिकते. आम्ही दोघी वहिनींकडे गेलो तेव्हा हिने ती गिटार खाली काढली, पोटाच्या भोकात मोबाईल घालून दिवा लावला आणि फोटो काढले. आत एक लाल लेबल होतं. त्यावर यामाहा, निप्पॉन गक्की आणि एफजी-१८०. शिवाय आतल्या लाकडावर पुसट शिक्का, ४४ पासून सुरू होणारा.

पुतण्याला फोटो पाठवले तर तो उडालाच. "आत्या, ४४! म्हणजे १९४४ ची आहे! पुराच्याही आधीची!"

मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे १९४४ म्हटल्यावर मला गिटार आठवत नाही, युद्ध आठवतं. त्या काळात ही निप्पॉन गक्की कंपनी विमानांचे पंखे बनवत होती. (कंपनीची सुरुवात मात्र मला फार आवडली. १८८७ साली तोराकुसू यामाहा नावाच्या गृहस्थांनी हामामात्सूच्या एका शाळेतला बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला, त्यातून पुढचं सगळं उभं राहिलं. कंपनीचं नाव अधिकृतपणे यामाहा झालं ते १९८७ मध्ये. म्हणजे निप्पॉन गक्की लिहिलेलं लेबल त्याच्या आधीचं, एवढं तर लगेच कळतं.) पण खरा पेच एफजी-१८० ने टाकला. एफजी म्हणजे फोक गिटार, आणि या मालिकेची पहिली गिटार बाजारात आली १९६६ साली. पूर १९६१ चा.

मग ४४ काय? नातीने शोधून सांगितलं की जपानमध्ये सम्राटाच्या कारकिर्दीप्रमाणे वर्षं मोजतात. शोवा काळाचं पहिलं वर्ष १९२६, म्हणून आकड्यात १९२५ मिळवायचे. ४४ म्हणजे १९६९. मी हसले. शकात ७८ मिळवून सन काढायला मी किती वर्गांना शिकवलं! आपल्याकडे शिलालेखावरचा शक सन समजून वाचला की शिवाजी महाराज शाहिस्तेखानाच्या आधी पुण्याबाहेर पडायचे. आकडा वाचण्याआधी तो कोणत्या पंचांगातला हे विचारायचं असतं.

त्या रात्री आम्ही दोघी जागलोच. हे गिटारांच्या क्रमांकांचं प्रकरण एखाद्या कोड्यासारखं आहे. मार्टिन नावाच्या अमेरिकन कंपनीची डी-२८ गिटार असते, तिच्यातला डी म्हणजे ड्रेडनॉट. ते इंग्रजांच्या १९०६ सालच्या युद्धनौकेचं नाव, कारण गिटारचं पोट तसंच अवाढव्य. २८ हा लाकडाचा नि सजावटीचा दर्जा. या कंपनीने १८९८ पासून ओळीने अनुक्रमांक दिलेत, आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरासारखे. कोणत्या वर्षी कितव्या आकड्यापर्यंत मजल गेली याचा तक्ता आहे, त्यात बघायचं. गिब्सनची तऱ्हा वेगळी. १९७७ पासून पुढे बरीच वर्षं त्यांचा आठ आकडी क्रमांक असे. समजा ८२७६१०४५. पहिला आणि पाचवा आकडा जोडा, ८ आणि १, साल १९८१. मधले तीन, २७६, म्हणजे वर्षातला दोनशे शहात्तरावा दिवस, म्हणजे ३ ऑक्टोबर. शेवटचे तीन त्या दिवशीचा क्रम, आणि तो पाचशेच्या खाली असला तर त्या काळात माल कॅलमझूच्या कारखान्यातला, वर असला तर नॅशव्हिलचा. आयबनेझच्या जुन्या गिटारींवर आधी महिन्याचं अक्षर नि मग साल, एच ७८ म्हणजे ऑगस्ट १९७८. पण हीच रीत दुसऱ्या काळातल्या वाद्याला लावली की उत्तर साफ चुकतं. पुतण्याचं तेच झालं.

आणि क्रमांक खोटाही असू शकतो, हे मास्तरणीला कुणी शिकवायला नको. शाळेत मूल घालायला येणाऱ्या आईबापांना जन्मतारीख सांगता आली नाही की आम्ही १ जून लिहायचो. महाराष्ट्रात अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं आहे ते आमच्या कृपेने. म्हणून एका शिक्क्यावर मी निकाल दिला नाही. पण इथे मॉडेल, लेबल आणि शिक्का, तिघेही एकाच दिशेला बोट दाखवत होते.

आता माझं काय? मी तर डोळ्यांनी पाहिलं होतं.

आमची आतेबहीण आक्का ८८ वर्षांची आहे, कान गेलेत, डोकं शाबूत. तिला गाठून ओरडून ओरडून विचारलं. ती म्हणाली, "अगं ती वेगळी! ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायचा तो." आणि मला एकदम ती पोलादी कांडी आठवली! हवाईयन गिटार. त्या काळी व्हॅन शिपले वगैरे लोकांमुळे ती फार लोकप्रिय होती, तारांवर कांडी सरकवत सिनेमाची गाणी वाजवायची. दादाने तीच खांद्यावर घेऊन जिना चढला होता. पण पाणी वरच्या मजल्यावरही आलं. सगळे शेजारच्या उंच घराच्या गच्चीवर गेले तेव्हा गिटार मागे राहिली. पाणी ओसरल्यावर ती सापडली खरी, पण सरस सुटून सगळी उकललेली. आक्का म्हणते, दादाने ती अंगणातच टाकून दिली आणि चार दिवस कुणाशी बोलला नाही.

ही दुसरी गिटार आणली आमच्या आतेभावाने, म्हणजे आक्काच्याच धाकट्या भावाने. तो जहाजावर होता आणि जपानच्या बंदरांत त्याची ये-जा असे. तेव्हा अशी वस्तू इथल्या दुकानात सहज मिळायची नाही. साल आक्काला नक्की आठवत नाही, दादाच्या लग्नाआधीची एवढं मात्र ती ठामपणे सांगते. लग्न १९७४ चं. म्हणजे वहिनी आल्या तेव्हा ही गिटार घरात होतीच, त्यांना जी गोष्ट सांगितली गेली ती त्यांनी पुढे सांगितली, त्यांचा काडीचा दोष नाही. डागाबद्दल आक्का म्हणाली, "माळ्यावर गळत होतं ना."

खरं तर क्रमांकाशिवायही कळायला हवं होतं. पुराच्या गाळात बुडालेली गिटार एवढी धडधाकट राहील कशी? पण आम्ही कधी विचारलंच नाही. माझ्या आठवणीत तर जिन्यावरच्या दादाच्या खांद्यावर हीच गिटार आहे, लाल लेबलासकट! जिना खरा, दादा खरा, वाद्य मात्र मनाने नंतर केव्हातरी बदलून ठेवलं. याची मला जरा भीतीच वाटली. आणखी काय काय बदललं असेल?

पुतण्याचं म्हणणं, "आत्या, आत वाकून कोण बघतंय? गोष्ट तर खरीच आहे ना, गिटार दुसरी असली म्हणून काय?" वाईट हेतूने नाही म्हणाला तो. त्याला त्याच्या बाबांची गिटार लोकांनी बघावी असं वाटतं. पण माझं मत मी त्याला स्पष्ट सांगितलं, इथेही सांगते. त्या प्रदर्शनात दुसरं कुणीतरी गाळाने चिकटलेला लग्नाचा अल्बम ठेवणार आहे. कुणी पाणी कुठवर आलं त्याची खूण असलेला दरवाजा. त्या रात्री पानशेतच्या भिंतीवर जवानांनी वाळूची पोती रचली म्हणून धरण रात्री न फुटता सकाळी फुटलं, पुढे खडकवासल्याचं दगडी धरणही गेलं, आणि तरी माणसं गेलीच. मी रोज संध्याकाळी या धरणाच्या बाजूने फिरायला जाते, मला ते विसरता येत नाही. त्या अल्बमच्या शेजारी माळ्यावर भिजलेली गिटार पुराची म्हणून ठेवायची? उद्या एखाद्या गिटार शिकणाऱ्या मुलीने आत दिवा लावला, की तिला पुढच्या टेबलावरच्या अल्बमचाही संशय येईल.

क्रमांकाला सगळं कळतं असं मी म्हणत नाही. जनरल रजिस्टरात मूल कधी आलं ते असतं, ते पुढे कसं निघालं ते नसतं. ४४ च्या शिक्क्याला दादा माहीत नाही. पण जन्माबद्दल तो बोलला तर ऐकावं.

जाता जाता एक तक्रार आपल्याच लोकांबद्दल. आमच्या घरात मिरजेचा एक तानपुरा आहे. मंगळवेढ्याकडचा भोपळा, सुंदर नक्षी, आवाज तर विचारू नका. कुठेही साल नाही! सासूबाई गेल्या आणि त्याचं वयही त्यांच्याबरोबर गेलं. मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, फार आनंद झाला. आता कारागिरांनी आतल्या बाजूला पेन्सिलीने का होईना, साल नि आपलं नाव घालावं. शक घातला तरी चालेल, ७८ मिळवणारे आम्ही अजून आहोत.

पुतण्याला मी नवीन मजकूर पाठवला आहे. 'ही गिटार पुरातली नाही. पुरात गेली ती हवाईयन गिटार. ही तिच्यानंतर आली, बनावट १९६९, हामामात्सू, जपान.' त्याचं उत्तर आलेलं नाही.

वहिनींचा मात्र काल फोन आला. म्हणाल्या, "वन्सं, पुराची नाही तर मग कपाटावर कशाला? तुमच्या नातीला द्या, वाजवू दे तिला." सगळ्या तारा गंजल्या आहेत, नव्या आणायच्या आहेत. मोरावळा पुढच्या वेळी नक्की.