महोत्सवाचा पैसा दसऱ्याच्या उचलीला द्या


‘वंदे मातरम्’च्या दीडशे वर्षांनिमित्त देशभर कार्यक्रम होत आहेत. अशा वेळी स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाची आठवण होते. 12 मार्च 2021 ला सुरू झालेला तो महोत्सव 15 ऑगस्ट 2023 पर्यंत चालला. ‘वंदे भारतम्’ स्पर्धेतून निवडलेले 480 कलाकार 26 जानेवारी 2022 ला राजपथावर नाचले. त्या मुलामुलींचे मलाही कौतुक वाटले. पण आमच्या जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला, जिथे गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी द्यायला तमाशाच्या राहुट्यांवर येतात, तिथे करोनाने 2020 आणि 2021 असे दोन हंगाम बुडवले होते.

तमाशाचा मोठा फड म्हणजे शंभराच्या आसपास माणसे, ट्रक, तंबू, जनरेटर. दसऱ्याला फड बाहेर काढण्याआधी मालकाला कलावंतांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यावी लागते आणि ती बहुधा व्याजाने काढलेली असते. हंगाम बुडाला तरी व्याज थांबत नाही. कुणी म्हणेल, सोहळ्यांमुळेच कलावंतांना काम मिळते. मिळते, पण एका संध्याकाळचे. शाल-श्रीफळाने उचल फिटत नाही.

म्हणून अशा प्रत्येक राष्ट्रीय सोहळ्याच्या कलाखर्चातला निम्मा भाग कायमच्या निधीत टाकावा. त्यातून तमाशा फडांना, दशावतारी मंडळांना, खडी गंमतीच्या पथकांना हंगामाआधी बिनव्याजी रक्कम मिळावी. फेडलेला पैसा पुढच्या वर्षी दुसऱ्या फडाला जावा. ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकार दरमहा 5000 रुपये मानधन देते. ते हवेच, पण ते उतारवयासाठी आहे. आज बोर्डावर उभ्या असलेल्यांचे काय?

आणि या पैशाला विषयाची अट नको, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने त्यांच्या तमाशांवर बंदी घातली. 2020 मध्ये अण्णा भाऊंची जन्मशताब्दी शासनानेच साजरी केली. सोहळ्याचा विषय मांडणाऱ्यालाच पैसा, असा नियम बंदीच्या त्या काळात असता तर या तिघांच्या पथकाला छदामही मिळाला नसता. वगात काय सांगायचे ते फडाने ठरवावे. सरकारने फडाची नोंदणी, प्रयोगांची संख्या आणि कलावंतांना उचल खरोखर पोचली का, एवढेच तपासावे.

सांस्कृतिक खात्याने येत्या दसऱ्याआधी निदान नारायणगावच्या फडांपासून ही सुरुवात करावी.

— एक वाचक, जुन्नर