जिताड्याच्या जिल्ह्यात पदवी हवी

या आठवड्यात थळच्या बंदरावर मासळी घेताना मावशींनी विचारलं, "लेक बारावी सायन्स झाली, तिला समुद्राचंच शिकायचंय. कुठं पाठवू?" मी सांगितलं, रत्नागिरीजवळ शिरगावला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय तिथे १९८१ पासून आहे, पदवी चार वर्षांची. मत्स्यसंवर्धन, माशांचे रोग, जाळ्यांचं तंत्र, मासळीवरची प्रक्रिया, असं सगळं शिकवतात. पण असं शिक्षण इथेच का हवं, ते माझ्या आवडत्या जिताड्यावरून सांगतो: पेण-अलिबागच्या खारपट्टीतल्या तळ्यांत लोक हौसेनं वाढवतात तो हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी त्याची मादी होते. अंडी घालायला तिला खाडीच्या तोंडाशी खारं पाणीच लागतं. म्हणजे मोठे मोठे जिताडे तेवढे वेचून काढले, तर आपण बहुतेक माद्याच संपवतो. हे कळायला खाडीकाठचीच प्रयोगशाळा हवी. नागपूर आणि उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालयं आहेत, गोड्या पाण्यासाठी ती हवीतच. पण रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंत किनारा लाभलेल्या रायगडात असं एकही सरकारी महाविद्यालय नसावं, हे मला साफ नामंजूर आहे. तिथीवरून भरती-ओहोटीची वेळ सांगणाऱ्या कोळीवाड्यांतल्या मुलामुलींचा या शिक्षणावर पहिला हक्क आहे. आपल्या आमदाराला या मागणीचं पत्र लिहा. मी माझं कालच टाकलं.